लॅब मिक्स ते मधी, व्हाया बुलढाणा

‘ब्रीड कोणती?’

पुण्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन कुठेही उभे राहा, पहिला प्रश्न हाच. लिफ्टमध्ये, सिग्नलला, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, अगदी कुठेही! दीड वर्षापूर्वी मी या प्रश्नाचं एक झकास उत्तर तयार केलं होतं. एका बांधकामाच्या साइटवर सापडलेलं बिस्किट रंगाचं पिल्लू. ‘इंडी पिल्लू, घर हवंय’ असं लिहून दोन आठवडे फोटो फिरवला. एक फोन नाही. मग मी फक्त मजकूर बदलला: ‘लॅब मिक्स, फीमेल, तीन महिने, एकदम फॅमिली डॉग.’ दोन दिवसांत अकरा फोन! मास कम्युनिकेशनची डिग्री कुठेतरी कामाला आली म्हणायची.

लॅबशी तिचा काही संबंध असल्याचा माझ्याकडे पुरावा? शून्य. रंग तसा होता आणि कान खाली पडलेले होते, बस.

पहिला फोन आलेल्या कपलला पिल्लू दिलं. दोघेही आयटीत, सकाळी नऊला बाहेर, रात्री नऊला घरी. मी घर बघायला गेले नाही, दिवसभर कोण असतं ते विचारलं नाही. त्यांनी नाव ठेवलं हनी. पाचव्या महिन्यात हनीचे कान उभे राहिले. शेपटीचा आकडा झाला, पाय लांब झाले. लिफ्टचा आवाज आला की भुंकायचं, कुणी नसलं की सोफा फाडायचा. आठ महिन्यांनी तिची बास्केट, बाउल आणि लसीकरणाचं कार्ड माझ्या दारात. ‘ही लॅब नाहीच आहे,’ ते म्हणाले. रागावून नाही, फसवल्यासारखं. आणि खरं सांगू? फसवलंच होतं मी. त्यांनाही आणि तिलाही.

आडवा-उभा जिल्हा आणि मागच्या सीटवर हनी

माझा फ्लॅट भाड्याचा, कामासाठी महिन्यातले दहा दिवस बाहेर. पाच-सहा महिने हनी माझ्याकडे आणि दोन मित्रांकडे फिरत राहिली. शेवटी माझी रूममेट म्हणाली, ‘आमच्या गावी विचारू का? काकांचा कुत्रा गेल्या पावसाळ्यात ट्रकखाली गेला.’ गाव मेहकरच्या पुढे, बुलढाणा जिल्ह्यात. या वेळी मी ठरवलं, आधी घर बघायचं. स्वतः जाऊन. हनीला घेऊन.

म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी, रूममेट आणि मागच्या सीटवर हनी, अशी आमची वरात निघाली. बुलढाणा म्हटलं की बहुतेकांना आठवतं शेगाव, गजानन महाराज आणि कचोरी. पण पुण्याहून जालन्यामार्गे आलात तर जिल्ह्याची गाठ पडते ती दुसऱ्या टोकाला, सिंदखेड राजाला. जिजाऊंचं जन्मगाव. लखुजी जाधवांच्या वाड्याचं भक्कम प्रवेशद्वार रस्त्यावरून जाताना थांबायलाच लावतं. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा सगळं शांत. दरवाजासमोरच्या उन्हात तीन कुत्रे पसरले होते. रंग आमच्या हनीचाच, उभे कान तेच, शेपटीचा आकडाही तोच. हनीने गाडीच्या काचेतून बघितलं आणि चक्क शेपूट हलवली. मला उगाच वाटलं, माहेरी आणलं बुवा हिला!

(हा अंदाजही पुढे सपशेल चुकणार होता. पण ते नंतर.)

दुसरबीडच्या पुढे रस्त्यावर मेंढ्याच मेंढ्या. गाडी बंद करून बसलो. कळपाच्या दोन्ही बाजूंना दोन उंच, अंगाने सडपातळ कुत्रे शांतपणे चालत होते. कारवान तर नाहीत? माझ्यातली पत्रकार लगेच जागी झाली. कारवान म्हणजे लातूरकडचा तो प्रसिद्ध वेगवान शिकारी कुत्रा. मी धनगर मामांना विचारलं, ‘मामा, हा कोणत्या जातीचा?’

मामांनी एकदा कुत्र्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

‘मेंढराचा,’ ते म्हणाले आणि पुढे गेले.

विवराच्या काठावर

वाट थोडी वाकडी करून लोणारला गेलो. बुलढाण्यात येऊन लोणार न बघणं म्हणजे आग्र्याला जाऊन ताज न बघणं! सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, त्यामुळे हनीला खाली नेण्याचा प्रश्नच नव्हता. आळीपाळीने एकीने गाडीजवळ थांबायचं, दुसरीने काठावरून बघायचं. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो वाडगा, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी, उतारावर दाट झाडी आणि झाडीत जुनी देवळं. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झालं आणि लोणार जगभरच्या बातम्यांत झळकलं. मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळांच्या यादीतही गेलं.

पण काठावर उभी असताना मला वेगळीच गोष्ट आठवत होती. लोणारच्या विवराला अनेक वर्षं ज्वालामुखीचं विवर समजत होते. समजणं साहजिकच होतं. भोवती सगळा दख्खनचा काळा बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक, आणि मधे गोल खड्डा. दिसतं तसंच असणार ना! 1973 मध्ये संशोधकांनी इथल्या खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली, जी प्रचंड आघाताशिवाय बनत नाही. म्हणजे हा खड्डा खालून फुटलेला नव्हे, वरून उल्का आदळून झालेला. वयाचंही तसंच. आधी हे विवर सुमारे 50 हजार वर्षांचं मानायचे. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने मोजलं तर साडेपाच लाखांच्या वर गेलं!

दगडाच्या बाबतीत ‘दिसतं तसं’ म्हणून चालत नाही, तर तीन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत कसं चालेल, बॉस?

देशी पिल्लांचे कान लहानपणी पडलेलेच असतात, पुढे उभे राहतात. रंगावरून काही कळत नाही. आणि मुळात ‘मिक्स’ हा शब्दच उलटा आहे. आज आपण ज्यांना ब्रीड म्हणतो त्यातल्या बऱ्याच एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या हौशी लोकांनी निवडून निवडून, वंशावळ्या लिहून पक्क्या केल्या. ब्रिटनचा केनेल क्लब 1873 चा. लॅब्रेडॉरला त्यांनी वेगळी ब्रीड म्हणून मान्यता दिली 1903 मध्ये. आपल्या गल्लीतला कुत्रा यांच्या कितीतरी आधीपासून गल्लीत आहे. तो कशाचं मिक्स नाही, तो मूळचाच तसा आहे.

2022 मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. 18 हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांवर कुत्र्यांचे डीएनए तपासले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी ब्रीडवरून किती सांगता येतं? जेमतेम 9 टक्के. फ्लोरिडातल्या एका शेल्टरने 2014 मध्ये पिंजऱ्यावरच्या कार्डांतून ब्रीडचा रकानाच काढून टाकला, तर कुत्रे जास्त संख्येने आणि लवकर घरी जायला लागले.

आपल्याकडेही मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 ब्रीड्स ‘हिंस्र’ म्हणून पाळायला मनाई करणारं परिपत्रक काढलं. त्यात त्यांचे क्रॉसही आले. रस्त्यावरचा कुठला कुत्रा कुणाचा क्रॉस, हे डोळ्यांनी कोण ठरवणार? कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. पण तेवढ्या दिवसांत घाबरून कुत्रे सोडायला निघालेल्या लोकांचे फोन मी स्वतः घेतलेत. लेबल लावायला एक मिनिट लागतं. भोगतो कुत्रा.

‘रात्री भुंकते का?’

संध्याकाळी गावात पोचलो. शेतातच घर, बाजूला गोठा, मागे हरभरा, पलीकडे तुरीची सोंगणी चाललेली. हनी गाडीतून उतरली ती थेट गाडीखाली. अंगणात खाटेवर रूममेटची आजी. मी मनात उत्तराची तयारी करून उभी: ब्रीड कोणती? या वेळी खरं सांगायचं!

आजीने विचारलं, ‘भाकर खाते का?’

‘हो.’

‘लेकराईले चावते का?’

‘नाही.’

‘रात्री भुंकते का?’

मी जरा चाचरले. हेच तर हनीचं मोठं पाप होतं. ‘हो आजी, खूप.’

‘मंग बरंय.’

काकांचा प्रश्न वेगळा होता. ‘मादी कायले आणली? पिल्लं होतील.’ गावात लेबलं नसतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका! वीस नखांचा कुत्रा तेज, मादी नको, काळा राखणीला चांगला... यादी मोठी आहे. मी हनीचं नसबंदीचं आणि लशींचं कार्ड दाखवलं. काकांनी ते उजेडात धरून पूर्ण वाचलं. पुण्यात कुणीच वाचलं नव्हतं.

रात्री दोनच्या सुमाराला हनी जीव खाऊन भुंकायला लागली. मी दचकून उठले, पुण्याच्या सवयीने पहिला विचार सोसायटीच्या ग्रुपचा! काका बॅटरी घेऊन बाहेर गेले. हरभऱ्यात चार रोही शिरले होते. उजेड पडताच पळाले. ज्या भुंकण्यापायी तिच्यावर तीन लेखी तक्रारी झाल्या, त्याच भुंकण्यासाठी आजीने सकाळी अर्धी भाकर दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवली. ‘नाव काय म्हंता हिचं?’

‘हनी.’

‘म्हंजे?’

‘मध, आजी.’

‘मंग मधी म्हणा की सरळ.’

इथे सिनेमा संपला असता तर किती छान झालं असतं. पण दुपारी मधीने कोंबडी मारली.

अंगणात पिसं, मधीच्या तोंडात कोंबडी, काकू संतापलेल्या आणि मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात. बांधकामाची साइट आणि टू-बीएचके एवढंच जग बघितलेल्या कुत्रीला कोंबडी म्हणजे काय ते कुठून कळणार? मी पुन्हा तीच चूक केली होती. आधी ‘लॅब’ म्हणून ती फ्लॅटमध्ये रमेल असं धरलं, आता ‘गावठी’ म्हणून ती गावात आपोआप रमेल असं धरलं. लेबल बदललं, आळस तोच.

मी म्हटलं, ‘परत नेते.’ कोंबडीचे पैसेही काढले. आजीने ते परत माझ्या पर्समध्ये कोंबले. ‘माय, नवी सून आल्याबरोबर सारं शिकून येते का? थोडे दिस बांधून ठेवू, कोंबड्या खुराड्यात ठेवू. नाही जमलं तर तुले फोन करू.’

मग आम्ही बसून सगळं ठरवलं. एक महिना ट्रायल. रात्री उघड्यावर साखळीने बांधायचं नाही. डोंगराकडच्या गावांत बिबट्या येतो आणि बांधलेला कुत्रा त्याला आयताच मिळतो. रानडुकरांवर सोडायचं नाही. रेबीजची लस दरवर्षी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. पट्ट्यावर काकांचा नंबर. आणि काहीही झालं तरी आधी मला फोन, सोडून द्यायचं नाही. काका म्हणाले, ‘लिहून देऊ का?’ मी म्हटलं, द्या. दिलं!

निघताना मधी गाडीमागे धावेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर थोडी आशाच होती. ती गोठ्याच्या दारात वासराशेजारी बसून राहिली. सुलतानपूर येईपर्यंत मी आणि रूममेट एक शब्द बोललो नाही.

महिन्याने काकांचा फोन आला. काळजात धस्स झालं. पण ते म्हणाले, ‘कोंबड्याईकडे आता पाहत बी नाही. पण आजीशिवाय कोनाचं ऐकत नाही, हे तुमी आधी सांगतलं नाही!’ कसं सांगणार? मलाच माहीत नव्हतं. आजी भेटेपर्यंत तिलाही माहीत नसेल.

सध्या माझ्याकडे एक काळं-पांढरं पिल्लू आलंय. पोस्टर लिहिलंय: ‘नर, चार महिने. माणसं आवडतात, फटाके अजिबात नाही. दिवसातून तीनदा फिरायला लागतं. एकटा राहिला की रडतो. मोठा होऊन कसा दिसेल, कुणालाच माहीत नाही.’

आतापर्यंत दोनच फोन आले. पहिल्याने विचारलं, ‘ब्रीड कोणती?’

दुसरीने विचारलं, ‘एकटा किती वेळ राहू शकतो?’ रविवारी तिचं घर बघायला चाललेय.

बुलढाण्याला निघालात तर...

रेल्वेने: मुंबई-नागपूर मार्गावर मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही जिल्ह्यातली स्टेशनं. बुलढाणा शहरासाठी मलकापूरला उतरून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढायचा; पावसाळ्यानंतर हा घाट मस्त हिरवा असतो.

गाडीने: समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा आणि मेहकरजवळून जातो. लोणारला जायला दोन्हींपैकी कुठेही उतरा.

कुत्रा बरोबर असेल तर: लोणार आणि ज्ञानगंगा ही अभयारण्यं आहेत, तिथे त्याला नेऊ नका. पाणी, पट्टा आणि लसीचं कार्ड जवळ ठेवा. आणि कुणी जात विचारली, तर तो काय करतो ते सांगा.