तीन दिवसांचा हिशेब

अमृतराव घाटाला हल्ली सारे राजा घाटच म्हणतात. इंग्रजांची पेन्शन घेऊन काशीस येऊन राहिलेल्या अमृतराव पेशव्यांची आठवण व्हायची ती आमच्यासारख्या, बदलीवर इकडे आलेल्या मराठी नोकरदाराला. शेजारीच नारद घाट. तेथे पतिपत्नींनी एकत्र स्नान केल्यास भांडण जुंपते, अशी इकडची समजूत आहे. आम्ही तेथे कधी बुडी मारली नव्हती. तरीही 2022 च्या फेब्रुवारीअखेर आमचे जुंपले, आणि तेही मुलीच्या शाळेवरून.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा ती पहिलीत होती. उत्तर प्रदेशातील प्राथमिक वर्ग 1 सप्टेंबर 2021 रोजी उघडले, जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत मिटले आणि 14 फेब्रुवारीस पुन्हा उघडले. पुरता आठवडाही झाला नाही तोच पोरीला ताप भरला. तपासणीत कोरोना निघाला.

शाळेने कळविले, निर्दोष अहवाल आणल्यावाचून वर्गात घेणार नाही. मी पडलो कारकून. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे 5 जानेवारीचे परिपत्रकच पाठवून दिले : सौम्य आजारात तपासणीपासून किमान सात दिवस लोटावेत, सलग तीन दिवस ताप नसावा, पुन्हा तपासणी नको. संसर्ग देण्याची शक्ती सरल्यावरही विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे तपासणीत सापडू शकतात, हेही मी वर लिहिले. शाळेने मान्य केले. त्या विजयाची धुंदी मला बरेच दिवस पुरली असती.

परंतु सहाव्या रात्री पोरीचे अंग कोमट लागले. तापमापकात शंभर. मी पॅरासिटामॉल दिले; सकाळी ताप नव्हता. "आज सात दिवस भरले. उद्या पाठवू," मी म्हणालो.

"अहो, रात्री गोळी दिलीत ना? मग ताप उतरला की दाबला, हे कसे ठरवायचे?"

"शंभर म्हणजे काय ताप झाला?"

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की, औषधावाचून ताप नसेल तोच दिवस मोजायचा. मला ते स्मरत होते. स्मरत होते म्हणूनच आवाज चढला. दोन वर्षे फोनच्या काचेत वर्ग पाहिलेली पोर दप्तर भरून दाराशी बसली होती. तिला आणखी तीन दिवस कोणत्या तोंडाने सांगावे?

तोडगा तिनेच काढला, तोही अजाणता. "बाबा, माझ्या बाकावरच्या मुलीच्या घरी आता फक्त आजी असते," ती म्हणाली. आजोबा आदल्या वर्षीच्या एप्रिलात गेले होते. त्या एप्रिलात हरिश्चंद्र घाटाच्या बाजूस आम्ही संध्याकाळी पाहतही नसू.

ती दप्तर उतरवून आत गेली. शाळेसाठी लिहून ठेवलेला अर्ज मी काढला, रुजू होण्याची तारीख खोडली, तीन दिवस पुढची घातली, आणि कचेरीच्या सवयीने खोडलेल्या जागी छोटी सही केली.