वाकलेलं पातं

मुलांनो, तुमच्या हातून कधी एखादी वस्तू मोडली आहे का? आणि मोडल्यावर कुणी पाहत नाही ना, म्हणून तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत का? खरं सांगा हं! मी पाहिलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात, गोसीखुर्दच्या धरणाच्या वरच्या अंगाला. या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसवली गेली. धरणाला तेहतीस दरवाजे आहेत, आणि त्याचं पाणी भंडारा, नागपूर नि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या शेतांसाठी आहे. पण पाणी अडवायचं तर कुणाची तरी जमीन पाण्याखाली जाणारच. त्यात आमचंही गाव होतं.

२००९ साली, म्हणजे धरणाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, आम्ही घर मोडायला घेतलं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. सागवानी खांब, फाटे, कवेलू सगळं नव्या गावठाणात न्यायचं होतं. बाबांना जोत्याचे दगडसुद्धा हवे होते. आजोबांनी बसवलेले ना ते! त्यासाठी शेजारच्या गावातून पुढे लोडर लावलेला ट्रॅक्टर भाड्याने आणला होता. पावसाला जेमतेम पंधरा दिवस उरले होते.

एक दगड काही केल्या हलेना. ड्रायव्हरमामांनी बकेटचं पातं त्याच्याखाली सरकवून ठेवलं आणि दगड आधी मोकळा करावा म्हणून ते पहार आणायला गेले. इंजिन चालूच होतं. मी चढलो सीटवर आणि ओढला दांडा!

(तुम्ही असं कधीही करू नका. उचललेल्या बकेटखाली माणूस सापडला तर काय होईल, याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता.)

दगड जमिनीत अर्धा रुतलेला. तो हलला नाही, पण पातं हललं. कर्र्र असा आवाज आला आणि पात्याची धार मधोमध चांगली चार बोटं खाली वाकली. मी दांडा सोडला, उडी मारली आणि निंबाच्या झाडामागे जाऊन उभा राहिलो.

मामा आले. पात्याकडे बघत नुसते उभे राहिले. मग बाबांना म्हणाले, "मालक मायी रोजी कापते आता." बाबा म्हणाले, "दगडच वाईट होता, तुमचा काय दोष?" मी गप्प. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

दुपारी पवनीच्या रस्त्यावरचे लोहारबाबा गॅसची नळकांडी बैलगाडीत घालून आले. मामा घण उचलून ठोकायलाच निघाले होते. लोहारबाबांनी त्यांचा हात धरला. खिशातून तारेचा तुकडा काढून मला दिला. "घे, वाकव. सरळ कर. पुन्हा वाकव." सात-आठ वेळा केलं आणि तार तटकन तुटली. तुटल्या जागी बोट लावलं तर गरम! तुम्हीही करून पाहा. थंड धातू पुन्हा पुन्हा वाकवला की तो तिथे कडक होतो आणि शेवटी तडकतो. पात्याचंही तसंच झालं असतं.

मग त्यांनी काय केलं? बकेट गुडघाभर उंच ओंडक्यांवर टेकवली आणि इंजिन बंद करायला लावलं. पात्याच्या खाली एक जाड गर्डर दोन्ही टोकांना साखळ्यांनी लटकवला. गर्डर आणि वाकलेला भाग यांच्यामध्ये ट्रकचा जॅक. जॅक जमिनीवर का नाही ठेवला? कारण मग त्याने पातं सरळ न करता आख्खी बकेटच उचलली असती. साखळ्यांनी दोन्ही टोकं धरून ठेवल्यामुळे सगळा जोर फक्त वाकलेल्या जागेवर आला.

वर ताडपत्री बांधली. मला वाटलं, उन्हासाठी. उन्हासाठीच, पण आमच्या डोक्यासाठी नव्हे! भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग दिसत नाही. सावलीत पोलाद पुरेसं तापलं की लाल दिसू लागतं, आणि लोहाराचा तोच थर्मामीटर. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून त्यांनी ज्योत एका जागी न धरता सगळ्या बाकावर सावकाश फिरवली. लाली आली, की जॅकचा एक दाब. मग पुन्हा ज्योत. सरळ रेषेच्या किंचित वर नेऊन ते थांबले. जॅक सोडल्यावर पातं जरासं मागे येतं, म्हणून.

सरळ झालं! मी आनंदाने पाण्याचा गुंड उचलून धावलो. "ठेव तो खाली!" लोहारबाबा ओरडले. लाल पोलादावर एकदम पाणी पडलं तर ते काचेसारखं ठिसूळ होतं. विळ्याला पाणी देतात, पण नंतर पुन्हा जपून तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. "याला आपलं आपण निवू द्या. आन् या जागेचं कारखान्यातलं पाणी उतरलं हाय. बाकीच्या धारेपेक्षा इथं लवकर झिजंल. मालकाला सांगून ठेवा."

आता तासभर काहीच काम नव्हतं. सगळे सावलीत बसले. लोहारबाबांनी आपल्या कामातली उणीवही न लपवता सांगितली होती, आणि मी? मी बाबांजवळ गेलो आणि सांगून टाकलं.

बाबा रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गॅसचे पैसे मी देतो. मामांच्या मालकाशीही बोलतो. पण मामांना सांगायचं काम तुझं."

पंधरा पावलांवर मामा बसले होते. तेवढं अंतर चालायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू! मी सांगितलं. ते हसले. ट्रॅक्टरच्या पायरीकडे बोट दाखवून म्हणाले, "मले माहीत होतं, बाबू. तुही एक चप्पल तिथंच राह्यली. तू कवा सांगशील, याची वाट पाहून रायलो होतो."

खरंच, माझा एक पाय सकाळपासून अनवाणी होता. मला कळलंच नव्हतं!

संध्याकाळी तो दगड आधी पहारीने मोकळा केला, मग अलगद उचलला. आज तो नव्या घराच्या पायरीला आहे. आमचं जुनं अंगण पाण्याखाली गेलं. मी गावी गेलो की त्या पायरीवर बसतो. आणि चप्पल काढताना दोन्ही नीट जोडीने ठेवतो.