काचेवरचे डाग आणि दोन मेम्ब्रेन

इंग्लंडमध्ये रेडिंगला मी खिडक्या धुण्याचा धंदा करतो. इकडे आता शिडी पूर्वीइतकी वापरात नाही. उंचावरच्या कामाचे नवे नियम २००५ साली आले, आणि लांब काठी, तिच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून वाहणारं शुद्ध पाणी ही पद्धत रुळत गेली. जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या काचा धुता येतात. साबण नाही, वायपर नाही, फडकं नाही. घासायचं, वरून पाणी सोडायचं आणि पुढच्या खिडकीकडे वळायचं. काच आपसूक वाळते. डाग पडत नाही, कारण वाळल्यावर मागे उरेल असं त्या पाण्यात काही नसतंच.

सगळी मेहनत असते ती तसं पाणी करण्यात. या भागातली जमीन खडूच्या दगडाची. पाणी त्यातून झिरपतं आणि येताना कॅल्शियम घेऊन येतं. माझ्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, ३४० पीपीएमच्या आसपास असतो. प्यायला चांगलं पाणी आहे, पण किटलीत पांढरा थर धरतो, आणि काचेवर वाळलं की थेंबाथेंबाची कड उमटते. म्हणून गॅरेजमध्ये आरओ बसवलेला आहे. आधी गाळाचा फिल्टर, मग कार्बन, मग ४ इंच जाड आणि ४० इंच लांब असे दोन मेम्ब्रेन, आणि शेवटी रेझिनचा सिलिंडर. बहुतेक क्षार मेम्ब्रेन अडवतात, उरलेसुरले रेझिन धरून ठेवतं आणि टाकीत शून्य पीपीएमचं पाणी पडतं.

हा संच मी निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांकडून त्यांच्या गिऱ्हाइकांसकट विकत घेतला. मेम्ब्रेन कधी बसवले होते ते त्यांनाही आठवत नव्हतं. पाणी येत होतं, काचा स्वच्छ निघत होत्या. फक्त रेझिन पुरेना. अशा वेळी धंद्यातले बरेच जण रेझिन विकणाऱ्यालाच बोल लावतात. पण रेझिनवर किती भार पडणार हे मेम्ब्रेनवर ठरतं. मेम्ब्रेनमधून ८ पीपीएमचं पाणी येत असताना रेझिनची जी पिशवी वर्षभर पुरते, तीच ३२ पीपीएमवर तीन महिन्यांत संपते. आणि रेझिन काही स्वस्त नाही.

माझा थोरला भाऊ लातुरात घरगुती आरओ दुरुस्त करतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला.

"दादा, रेझिन टिकत नाहीये. मेम्ब्रेन बदलावेत म्हणतोय."

"मीटर लावलास का?"

"लावला. आत जाताना ३४०, बाहेर येताना ३४."

"म्हणजे ९० टक्केच अडवतोय. नवा असला की ९७-९८ देतो. पण घाई करू नकोस. दोन्हींचं पाणी वेगवेगळं मोज. आणि त्याच्याही आधी कार्बन बघ. कार्बन गेला असेल तर नवीन मेम्ब्रेन घालून काय उपयोग? क्लोरीन त्यालाही खाऊन टाकील."

दादा शिकला दहावीपर्यंत, पण पाण्याच्या बाबतीत त्याच्याइतका नेमका माणूस मी पाहिला नाही. स्विमिंग पूलसाठी मिळतात ते क्लोरीन तपासायचे थेंब मी आणले. कार्बननंतरचं पाणी बाटलीत घेऊन थेंब टाकले, तर अगदी फिकट का होईना, पिवळी झाक आली. पाणी रंगहीन राहायला हवं होतं. म्हणजे कार्बन बदलणं आलंच. मग दोन्ही मेम्ब्रेनच्या नळ्या सोडवून मोजलं. पहिल्याचं पाणी १६, दुसऱ्याचं ५०च्या वर. दुसऱ्याचा आकडा थोडा जास्त येणारच. पहिल्याने मागे टाकलेलं, क्षार वाढलेलं पाणी त्याच्या वाट्याला जातं. पण इतका फरक म्हणजे त्याच्यावर क्षार साचले होते. पहिलाही ९५ टक्क्यांवर उतरला होता. दोन्ही बदलायचे ठरवले.

इथे एक सांगायला हवं. हिवाळ्यात टाकी सावकाश भरते म्हणून मेम्ब्रेन बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. मेम्ब्रेनची क्षमता २५ अंश तापमानाला मोजून लिहिलेली असते. इकडे जानेवारीत नळाचं पाणी ६-७ अंशांवर येतं, आणि दर अंशामागे उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. थंडीत पाणी निम्म्यावर आलं तर तो हवामानाचा दोष. कमी पाणी आणि खराब पाणी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

मी हे काम एप्रिलमध्ये काढलं. पाणी बंद केलं, दाब उतरू दिला आणि मग मेम्ब्रेन ज्यात बसतात त्या नळकांड्यांचे क्लॅम्प सोडवले. दाब असताना झाकणाला हात लावू नये, ते छातीवर येतं. जुना मेम्ब्रेन पाणी वाहतं त्याच दिशेने बाहेर ओढायचा असतो. पहिला निघाला. दुसरा जागचा हलेना. मधल्या नळीला पकड लावून पिळत-ओढत राहिलो, बायकोने नळकांडं घट्ट धरून ठेवलं, तेव्हा कुठे तो करकरत सुटला आणि गॅरेजभर पाणी झालं.

नवा मेम्ब्रेन प्लॅस्टिकच्या पिशवीत, जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या द्रवात बुडवून येतो. बसवताना दोनच गोष्टी सांभाळायच्या. एका टोकाला बाहेरून रबराची कडी असते. तिची उघडी ओठाळ बाजू येणाऱ्या पाण्याकडे हवी. पाण्याच्या दाबाने ती फुगते आणि नळकांड्याला चिकटते. उलटी बसली तर पाणी मेम्ब्रेनमध्ये न शिरता बाजूने निसटून जातं. दुसरी गोष्ट मधल्या नळीच्या ओ-रिंगांची. त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं. व्हॅसलिनने रबर फुगतं, आणि एक रिंग जरी गळाली तरी कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. मग मेम्ब्रेन कितीही चांगला असो, मीटर वाईटच दाखवणार.

बसवून झाल्यावर तासभर सगळं पाणी गटारात सोडलं. तो द्रव रेझिनमध्ये गेला असता तर नवं रेझिन त्यातच खर्ची पडलं असतं.

जुना मेम्ब्रेन मी करवतीने आडवा कापला. आत काय झालंय ते बघायचंच होतं. मधल्या भोकाभोकांच्या नळीभोवती पापुद्रे आणि जाळी यांची गुंडाळी असते, सुरळीच्या वडीसारखी. ती उलगडत गेलो. ज्या टोकातून पाणी बाहेर जातं तिथे पापुद्र्यावर बोटांना रवाळ लागत होतं, बारीक पांढरी कणी. दादा फोनवर बघत होता. म्हणाला, "लिंबू पीळ त्याच्यावर." पिळलं, तर कणी फसफसून विरघळली. चुनाच तो, खडूच्या डोंगरातून आलेला. चुना बाजूला सारून मी तो पापुद्रा बघत राहिलो. समुद्राचं पाणी व्यवहारात गोडं करण्याजोगा पहिला मेम्ब्रेन लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्या भारतात जन्मलेले श्रीनिवास सूरीराजन यांनी १९६०च्या आसपास केला. आजचे मेम्ब्रेन वेगळ्या रसायनाचे आहेत, पण क्षार अडवणारा थर अजूनही डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ असतो. तो हातात धरून मला खरोखर भरून आलं.

या सगळ्यात मला टोचतं ते वाया जाणारं पाणी. आमच्यासारख्या संचात एक लिटर शुद्ध पाण्यामागे जवळपास लिटरभर पाणी सोडून द्यावं लागतं. ड्रेनचा व्हॉल्व्ह आवळला तर कमी वाया जाईल, पण मग क्षार आतच दाटतात आणि मेम्ब्रेन चुन्याने भरतो, माझा दुसरा भरला तसा. मी लातूरचा. २०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. तेव्हा घरच्यांनी घागरी कशा पुरवल्या ते मी फोनवर रोज ऐकत होतो. त्यामुळे इकडे कितीही पाऊस पडो, माझ्या गॅरेजमधलं ते पाणी पिंपात साठतं आणि अंगण, कचऱ्याचे डबे, ब्रश धुवायला जातं. सगळं वापरून होत नाही, तरी बरंचसं होतं.

नवे मेम्ब्रेन आणि नवा कार्बन घातल्यावर आत ३४०, बाहेर ६ असा आकडा आला. ९८ टक्के. रेझिननंतर शून्य. क्लोरीनचे थेंब टाकले तरी पाणी रंगहीन. हे आकडे तारखेसह मी नळकांड्यावरच मार्करने लिहून ठेवले आहेत आणि दर महिन्याला त्यांच्याखाली नवे लिहितो.

तुमच्या घरी आरओ असेल आणि पुढच्या खेपेला दुरुस्तीवाला "मेम्ब्रेन गेलाय" म्हणाला, तर त्याला आधी दोन आकडे दाखवायला सांगा: येणाऱ्या पाण्याचा टीडीएस आणि मेम्ब्रेनमधून थेट निघणाऱ्या पाण्याचा. तोटीचं पाणी मोजू नका, कारण अनेक यंत्रांत चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. दुसरा आकडा पहिल्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा बराच कमी असेल, तर मेम्ब्रेन राहू द्या आणि कार्बन शेवटचा कधी बदलला ते विचारा.