देवस्थानें आणि दुर्ग

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही एकटेच एका दिवसाच्या प्रवासास निघालों. सोबती असला म्हणजे गप्पांत वेळ सुखानें जातो खरा. परंतु जुनीं स्थळें पाहतांना मनास थोडा एकांत हवा.

प्रथम विवळवेढें येथील महालक्ष्मीचें स्थान पाहिलें. चैत्री पौर्णिमेपासून येथें पंधरा दिवस यात्रा भरते. आदिवासी पुजारी मध्यरात्रीं डोंगर चढून देवीचा ध्वज लावतो. त्या ध्वजाचा मान जव्हारच्या राजघराण्याकडे आहे. या स्थानास ना तट, ना बुरूज!

तेथून डहाणूस येऊन खाडीकांठचा लहानसा किल्ला ओझरता पाहिला व आगगाडीनें वसई गांठली.

गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें येथें भक्कम तटबंदी उभी राहिली. तटाच्या आंत फ्रान्सिस्कन, जेझुइट व डोमिनिकन पंथांचीं ख्रिस्तमंदिरें होतीं. आज त्यांच्या भिंती उरल्या आहेत, छपरें नाहींत. नागासाकी येथें १५९७ सालीं क्रुसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं हा किल्ला घेतला. पराभूत पोर्तुगीजांस त्यांनीं सन्मानानें जाऊं दिलें.

येथें आमच्या मनांत प्रश्न उभा राहिला. आम्ही मराठी, तसेच ख्रिस्तीही. तेव्हां या विजयाचा अभिमान बाळगावा, कीं या भग्न मंदिरांसाठीं हळहळावें?

उत्तर एका घंटेनें दिलें. वसईच्या मोहिमेंत मिळालेली एक पोर्तुगीज घंटा भीमाशंकर येथें आहे. तिच्यावर १७२९ हें साल आहे. जी एका धर्माच्या लोकांस प्रार्थनेस बोलावी, ती दुसऱ्या धर्माच्या भाविकांच्या हातीं वाजूं लागली. नाद मात्र तोच राहिला. पोर्तुगीज गेले, पेशवे गेले, इंग्रजही गेले. परंतु वसईच्या गांवोगांवीं ख्रिस्ती लोक आजही मराठींत प्रार्थना करितात, आणि विवळवेढ्याचा ध्वज दरसाल डोंगरावर चढतो. श्रद्धेचें रक्षण तटांनीं केलेलें नाहीं. म्हणून शौर्याचा अभिमान आणि भग्न मंदिरांचें दुःख हीं दोन्ही एकाच हृदयांत सुखानें नांदूं शकतात.

विद्यार्थ्यांनो, किल्ला पाहावयास जाल तेव्हां तो आपल्यांचा कीं परक्यांचा, हें विचारण्यापूर्वीं तेथें कोण झुंजलें व कोणीं प्रार्थना केली, हें विचारा. आणि त्या भिंतींवर आपलीं नांवें मात्र कोरूं नका.