जुन्या पत्त्यावर आलेला माणूस

सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नव्या नावाची अधिसूचना निघाली आणि आमच्या वेबसाइटच्या पत्त्यातलं ‘उस्मानाबाद’ काढून मी ‘धाराशिव’ घातलं. कळंब तालुक्यात आमचा शेळ्यांचा गोठा आहे. चारा, आजार, विणं यांवर मी त्या साइटवर वर्षानुवर्षं लिहीत आलोय. साइट सांभाळणारा म्हणाला, जुन्यावर येणारा माणूस आपोआप नव्यावर येईल. मी निर्धास्त झालो.

महिन्याभरात साइट वाचून येणारे फोन कमी झाले. मग एका रात्री सांगोल्याकडून एकाचा आला. “दादा, शेळी अडलीय. ग्रुपवर तुमची लिंक हाय, पण दाबली की नुसतं पहिलंच पान निघतंय.” मी फोनवर जमेल तेवढं सांगितलं, डॉक्टरांना बोलवायला लावलं. जुळं होतं, एकच करडू वाचलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी तपासलं. जुनी सगळी पानं एकजात नव्या मुखपृष्ठाकडे वळवली, म्हणजे रीडायरेक्ट केली होती. अडलेल्या शेळीचं पान मागणाऱ्याला मुखपृष्ठ दिलं, तर गुगलही ते मूळ पान हरवलं असंच धरू शकतं. वर रीडायरेक्ट ३०२ चा, म्हणजे तात्पुरता होता. घर कायमचं हलवलं होतं आणि दारावर पाटी मात्र ‘थोड्या वेळात येतो’ची! त्यामुळे शोधात जुनाच पत्ता दिसत राहतो.

वहीत डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, अशी ६२ पानं मी हातानं लिहून काढली. प्रत्येकाला त्याच्याच नव्या पानाकडे, थेट एका उडीत, ३०१ म्हणजे कायमचा रीडायरेक्ट लावून घेतला. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचं कळवलं. पानांच्या मजकुरातलं ‘उस्मानाबादी शेळी’ मात्र हलवलं नाही. जिल्हा धाराशिव झाला तरी जातीचं नाव तेच आहे, आणि शेळी घेऊ बघणारा तेच टाइप करतो.

गाडी रुळावर यायला उन्हाळा उजाडला.

रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी ठेवा, असं गुगल सांगतं. मी जुन्या डोमेनचे पैसे अजून दरवर्षी भरतो. येरमाळ्याच्या यात्रेत वाटलेल्या पत्रकांवर तोच पत्ता आहे, आणि ती पत्रकं कुणाकुणाच्या गोठ्यात चिकटवलेली असतील.