समान भार

बार्शीसारख्या गांवीं राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकानें संगणकाच्या केबलीविषयीं लिहावें, हें वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल. आमची हयात शब्दरूपें आणि संधिनियम शिकविण्यांत गेली. बटण दाबलें कीं दिवा लागतो, एवढेंच आमचें विजेविषयींचें ज्ञान. तथापि गेल्या वर्षीं चैत्रांत एका हातभर केबलीनें आम्हांस जो धडा दिला, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र आहे. धाकट्या बंधूंचा मुलगा घरींच बसून, अद्याप न बांधलेल्या इमारतींचीं हुबेहूब चित्रें पुण्याच्या वास्तुशिल्पकारांसाठीं संगणकावर तयार करतो. त्या कामासाठीं त्यानें कर्ज काढून एनव्हिडिया कंपनीचें ‘आरटीएक्स ५०९०’ हें ग्राफिक्स कार्ड आणलें. किंमत दोन लाखांच्या वर! ती ऐकून आम्हीं क्षणभर डोळेच मिटले.

कार्डाबरोबर एक जोडतुकडा आला होता. त्याच्या एका टोकास सोळा पिनांचें तोंड, आणि दुसऱ्या टोकास आठ-आठ पिनांचीं चार. घरांतल्या पॉवर सप्लायच्या केबली तीनच होत्या. पुतण्या म्हणाला, “काका, पॉवर सप्लाय ज्या कंपनीचा, तिचीच सोळा पिनांची केबल मागवितों. आठ दिवस लागतील.”

आम्ही जुन्या वळणाचे. घरांत वस्तु असतां ती विकत आणणें, हा आमच्या मतें अपराधच. तो बाहेर गेला असतां आम्हीं माळ्यावरचें खोकें काढलें, दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पॉवर सप्लायची एक केबल शोधली, आणि ती चौथ्या जागीं लावून पाहिली. अगदीं अलगद बसली! मोठ्या समाधानानें आम्ही बटणाकडे हात नेणार, तोंच तो दारांत आला आणि ओरडला, “काका, हात काढा!” एवढ्या मोठ्यानें तो आमच्याशीं पूर्वीं कधींच बोलला नव्हता.

मग त्यानें आम्हांस शेजारीं बसवून समजाविलें. केबलीचें कार्डाकडील टोक सर्वत्र एका ठराविक नियमाप्रमाणें असतें. पॉवर सप्लायकडील टोकास तसा नियम नाहीं. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीप्रमाणें तारांचा क्रम लावते. तोंड बसलें म्हणून क्रम जुळला, असें होत नाहीं. आणि बारा व्होल्टांच्या तारेच्या जागीं परतीची तार आली, तर कार्ड क्षणांत निकामी होऊं शकतें. आम्हांस घाम फुटला. केवळ रूप पाहून अर्थ ठरवूं नये, असें तीस वर्षें मुलांना बजावणारे आम्ही!

पुढें त्यानें हिशेब मांडला. आठ पिनांच्या जुन्या केबलीवर १५० वॅटांची मर्यादा. ती वीज तीन तारांतून जाते, म्हणजे प्रत्येकीवर सुमारें ४ अँपियर. हें कार्ड एकटें ५७५ वॅट घेतें. बारा व्होल्टांवर त्याचे सुमारें ४८ अँपियर होतात. सोळा पिनांच्या तोंडांत तो भार नेणाऱ्या पिना सहा. सहा परतीच्या, आणि चार केवळ संकेताच्या. प्रत्येकीवर ८ अँपियर, आणि तिची शक्ति नवाहून थोडी अधिक. शिल्लक अशी फारशी राहतच नाहीं. २०२२ च्या ऑक्टोबरांत ४०९० हें कार्ड बाजारांत आलें आणि त्याच महिन्यांत तोंडें वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. तोंड पुरतें आंत न जाणें, हें एक प्रमुख कारण ठरलें. म्हणून २०२३ सालीं संकेताच्या पिना आंखूड करण्यांत आल्या, कीं तोंड नीट बसल्याखेरीज कार्डानें वीज ओढूं नये. दोन वर्ण अगदीं निकट आल्याविना संधि होत नाहीं, तसेंच हें.

परंतु तोंड बसूनहि एक भय उरतें. सहांपैकीं कांहीं पिनांचा स्पर्श सैल असला, तर त्यांच्या वांट्याची वीज उरलेल्या पिनांतून जाते. फेब्रुवारी २०२५ मध्यें एका जर्मन तंत्रज्ञानें ५०९० च्या केबलींतील एकाच तारेंतून २० हून अधिक अँपियर जात असल्याचें मोजून दाखविलें. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. म्हणजे जिचा स्पर्श चांगला, तीच जळते!

हें ऐकतांना आम्हांस बार्शी लाईट रेल्वे आठवली. १८९७ सालीं ईव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें बार्शी व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान जी अडीच फुटी गाडी सुरू केली, तिचे रूळ दर यार्डास अवघे ३० पौंडांचे होते. कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, आणि तो सर्व आंसांवर सारखा वांटावयाचा, ही त्याची युक्ति. त्या नाजूक रुळांवरून कित्येक दशकें गाड्या धांवल्या. आतां तेथें रुंद मार्ग झाला. युक्ति मात्र जुनी झालेली नाहीं.

शेवटीं त्याच कंपनीची केबल मागविली. मध्यें जोडतुकडा नको, कारण जितके जोड कमी, तितकीं तापण्याचीं स्थानें कमी. ती आल्यावर त्यानें तोंड दाबून बसविलें, फट राहिली नाहीं हें विजेरीच्या प्रकाशांत पाहिलें, आणि तोंडाजवळ केबल वळूं दिली नाहीं.

केबलीचे पैसे देण्यासाठीं आम्हीं त्याच्याकडे बिल मागितलें. त्यानें हिशेबाची वही पुढें केली. तींत केबलीच्या वर ओळीनें लिहिलेलें होतें: घराचें विजेचें बिल, आमच्या कुटुंबाचीं औषधें, धाकट्या बहिणीची कॉलेजची फी, वाड्याची दुरुस्ती, आणि सर्वांखालीं त्याच्या कर्जाचा हप्ता. घरांत मिळवते आम्ही पांच जण. पण जो नाहीं म्हणत नाहीं, त्याच्याकडे एकेक गोष्ट आपोआप गेली होती. आणि त्याच्या केबलीचे पैसे वांचवावयास आम्ही माळ्यावर चढलों होतों!

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना एकत्र बसवून आम्हीं खर्चाची नवी वांटणी केली. औषधें व विजेचें बिल आमच्या पेन्शनीकडे आलें. पुतण्या संकोचून म्हणाला, “काका, माझें कांहीं अडलें नव्हतें.” तारहि जळेपर्यंत कांहीं बोलत नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरींहि एकदां पाहावें, कोणाच्या अंगावर किती भार आला आहे तें.