उघडं दार

पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना मन एका दारापाशी अडतं. १८८९ साली मुंबईत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याला हललेलं शारदा सदन म्हणजे विधवा मुलींचं हक्काचं घर. तिथे मुलींना आपलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. रमाबाईंनी मात्र १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेला. त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार लावून घेत नसत. वाटलं तर मुलींनी येऊन बसावं.

त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात गहजब झाला. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हितचिंतकांची भीतीही समजण्यासारखी होती; लोकांचा विश्वास गेला तर सगळी संस्थाच बुडाली असती. तरीही दार उघडंच राहिलं.

ख्रिस्ती धर्मावरची ही निष्ठा आंधळी नव्हती. इंग्लंडात ज्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच रमाबाई धर्ममतांवर पत्रांतून कडाडून भांडल्या.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, अंध मुलींनाही शिक्षण मिळालं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या, आणि छापखान्यात त्याचे खिळे जुळवत होत्या आश्रमातल्याच बायका.

१९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई भाषांतराचं काम करत राहिल्या आणि ते हातावेगळं करूनच एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले.